नंबर लावायचाच, पण कुठल्या रांगेत?

वाचकाचं पत्र: मी केमिकल इंजिनिअर. पीएचडी मुंबईतून केली, गेली अडीच वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक) आहे. पिण्याच्या पाण्यातली पीएफएएस रसायनं शोषून घेणाऱ्या पदार्थांवर काम करते. ११ पेपर, २३० सायटेशन (नंतरच्या पेपरांतले उल्लेख), ९ जर्नल रिव्ह्यू. लॅबमधले सगळे म्हणतात, ग्रीन कार्डासाठी ईबी-२ एनआयडब्ल्यूचा अर्ज टाकून दे. एवढ्या सायटेशनवर होईल का? आमच्या प्रोफेसरांचं पत्र पुरेल का? वकील करायलाच हवा का? दिवाळीला घरी जायचंय, अर्ज त्याआधी टाकू की आल्यावर? निम्मे पेपर माहेरच्या नावाने आहेत, त्याचं काय? आणि भारतीयांना दहा-पंधरा वर्षं थांबावं लागत असेल तर या सगळ्याचा उपयोग तरी काय? नवरा माझ्यासोबत जे-२ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. तो सावंतवाडीचा, जन्म मस्कतचा, पासपोर्ट भारतीयच.

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे: नवऱ्याचा जन्म मस्कतचा. तिथूनच सुरुवात करू, कारण ‘उपयोग काय’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं देते. कुटुंबातली माणसंही त्याच आकड्यात मोजली जातात आणि एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडवलेला असतो. त्यामुळे ईबी-२ मध्ये, म्हणजे उच्च पदवीवाल्यांच्या गटात, भारतात जन्मलेल्यांची रांग अशी तुंबली आहे की दहा वर्षांहून जुने नंबर आत्ता लागताहेत. पण देश ठरतो तो जन्मस्थानावरून, पासपोर्टवरून नाही. आणि नवरा-बायको दोघं एकत्र ग्रीन कार्ड घेत असतील, तर दोघांपैकी ज्याच्या जन्मदेशाची रांग छोटी, ती दोघांनाही धरता येते. याला क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात. म्हणजे तुम्ही ओमानच्या, पर्यायाने ‘इतर सर्व देश’ या रांगेत उभ्या राहू शकता. ती कधी मोकळी असते, कधी वर्ष-दोन वर्षं मागे असते. दशकभर मात्र नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या, आखातात जन्मलेल्या कितीतरी जणांना ही सवलत लागू होते, आणि माहीत नसल्यामुळे ते भारताच्या रांगेत ताटकळतात. उलटी चूकही होते: मूल अमेरिकेत जन्मलं म्हणून आईबापांना त्याच्या जन्मदेशाचा फायदा मिळेल, असं काही जण धरून चालतात. तसं नाही. सवलत नवरा-बायकोत चालते आणि आईबापांकडून मुलांकडे जाते, मुलांकडून वर येत नाही.

आय-१४०, म्हणजे तुमचा मूळ अर्ज, भरताना यासाठी वेगळं काही मागायचं नसतं. पुढे आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज, भरताना पहिल्याच पानावर ठळकपणे लिहायचं आणि नवऱ्याचा जन्मदाखला व लग्नाचं प्रमाणपत्र जोडायचं.

आता मूळ अर्ज. ईबी-२ चा नेहमीचा रस्ता असा: मालक कायमची नोकरी देतो, जाहिराती देऊन ‘लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही’ हे श्रम खात्याला दाखवतो, त्याला पर्म म्हणतात, आणि मग अर्ज. राष्ट्रहिताची सूट, म्हणजे एनआयडब्ल्यू, हे दोन्ही माफ करते. अर्जदार स्वतःच स्वतःसाठी अर्ज करतो. तुमच्या पीएचडीमुळे ‘उच्च पदवी’ची अट सुटलीच. उरतात त्या इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेल्या धनसार निकालातल्या तीन कसोट्या. काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का? ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का? आणि सगळं तोलून पाहता, नोकरीची अट माफ करण्यात अमेरिकेचा फायदा आहे का?

बहुतेक संशोधक दुसऱ्या कसोटीची तयारी करतात आणि पहिल्या कसोटीत अडकतात. सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, याच काळजीत सहा महिने जातात, आणि ‘पुढे नेमकं काय करणार’ हा परिच्छेद शेवटच्या रात्री लिहिला जातो. अधिकारी मात्र तोच आधी वाचतो. अर्जाच्या भाषेत त्याला प्रपोज्ड एन्डेव्हर म्हणतात. ते तुमचं क्षेत्र नव्हे, हुद्दाही नव्हे. ‘पाण्यातील प्रदूषकं काढण्यासाठी नवीन पदार्थांवर संशोधन करणार’ असं लिहिलंत, तर ते कुठल्याही पर्यावरण लॅबच्या पाटीवर शोभेल, आणि उत्तर येईल की क्षेत्र महत्त्वाचं आहे हे मान्य, पण तुमच्या कामाचं राष्ट्रीय महत्त्व दिसलं नाही. २०२३ नंतर अधिकाऱ्यांचा हात आखडला आहे, आणि नकाराच्या पत्रांत हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सापडतं.

तुमच्या बाबतीत तो परिच्छेद कसा व्हावा, ते पाहा. आधी अडचण: पीएफएएससाठी पाणीपुरवठा केंद्रं आज दाणेदार सक्रिय कोळसा किंवा आयन-एक्स्चेंज रेझिन वापरतात, आखूड साखळीची पीएफएएस कोळशातून लवकर निसटतात, आणि एकदा वापरून टाकायची रेझिन शेवटी जाळावी लागते. मग तुमचं काम: पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येईल असा शोषक, छोट्या पाणीपुरवठा केंद्रांना परवडेल असा. मग टप्पे: पहिल्या वर्षी खऱ्या भूजलावर कॉलम चाचण्या, सोबत सेंद्रिय पदार्थ आणि सल्फेट असताना, दुसऱ्या वर्षी धुण्याच्या किती फेऱ्यांनंतर क्षमता किती घटते त्याचा हिशोब, तिसऱ्या वर्षी एखाद्या केंद्रावर छोटा पायलट. मोजणी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या ५३३ आणि ५३७.१ या पद्धतींनी. एवढं लिहिलंत की हे काम लॅबमधल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाही, तुमचंच आहे, हे वाचणाऱ्याला कळतं.

राष्ट्रीय महत्त्वाचा पुरावा तुम्हाला सरकारनेच तयार करून दिला आहे. १० एप्रिल २०२४ रोजी ईपीएने पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांवर प्रत्येकी ४ पार्ट्स पर ट्रिलियनची देशव्यापी मर्यादा जाहीर केली. पण इथे जपून. मे २०२५ मध्ये त्याच संस्थेने सांगितलं की या दोन मर्यादा राहतील, पाणीपुरवठा केंद्रांना त्या गाठायला २०३१ पर्यंत मुदत देण्याचा विचार आहे, आणि इतर काही पीएफएएसच्या मर्यादा मागे घेऊन फेरविचार करणार. म्हणून अर्जाचा कणा पीएफओए-पीएफओएसचा ठेवा. आखूड साखळीचा मुद्दा तांत्रिक वरचढपणा म्हणून मांडा. जी मर्यादा सरकार स्वतःच मागे घ्यायला निघालंय, तिच्यावर अख्खा अर्ज उभा करू नका. पाठवण्याच्या आठवड्यात ईपीएचं पान पुन्हा एकदा पाहा आणि त्या दिवसाची छापील प्रत जोडा.

असिस्टंट प्रोफेसरच्या जागांसाठी अर्ज करत असाल तर आणखी एक खड्डा. धनसार निकालात अर्जदाराचं संशोधन मान्य झालं, पण विज्ञान-तंत्रज्ञान शिकवण्याचं काम मोलाचं असूनही राष्ट्रीय महत्त्वाचं धरलं गेलं नाही. एका वर्गातल्या शिकवण्याचा परिणाम देशभर पोचतो असं दिसलं नाही. तेव्हा ‘मी विद्यार्थी घडवीन’ हा परिच्छेद मनाला कितीही बरा वाटला तरी गाळा.

२३० सायटेशन पुरतील का? किमान आकडा असा कुठेच लिहिलेला नाही. ८० सायटेशनवर मंजुरी आणि ५०० वर नकार, दोन्ही शक्य आहे. नुसता आकडा अधिकाऱ्याला काही सांगत नाही. तो रसायनतज्ज्ञ असेलच असं नाही. आधी स्वतःची आणि सहलेखकांची सायटेशन वजा करा, कारण तुम्ही केली नाहीत तर तो करेल. मग प्रत्येक मुख्य पेपर त्याच्या क्षेत्रात आणि त्याच्या वर्षात कुठल्या टक्क्यात येतो ते दाखवा. क्लॅरिव्हेटच्या इसेन्शियल सायन्स इंडिकेटर्समध्ये हे तक्ते असतात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बहुधा फुकट मिळतात. २०२३ चा पेपर ४० सायटेशनवर वरच्या ५ टक्क्यांत असेल, तर तो २०१६ च्या १०० सायटेशनवाल्यापेक्षा जास्त बोलका. आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे कुणीतरी तुमची पद्धत खरोखर वापरल्याचा पुरावा. असे चार-पाच पेपर शोधा, ज्यांत तुमचं नाव प्रस्तावनेतल्या दहाच्या घोळक्यात नाही, तर ‘अमुक यांच्या पद्धतीने शोषक तयार केला’ असं प्रयोगाच्या भागात आहे. ते पान छापा, ओळ पिवळी करा, शेजारी दोन वाक्यांत अर्थ लिहा. नऊ रिव्ह्यूंसाठी संपादकांचे आभाराचे ईमेल पुरतात, पण त्यांना मोठं करू नका. रिव्ह्यू सगळेच करतात.

प्रोफेसरांचं पत्र हवंच, पण पुरणार नाही. ते आतलं माणूस. त्यांच्या पत्राचा खरा उपयोग म्हणजे ग्रँटमध्ये तुमचा वाटा काय होता हे सांगणं, कारण दुसरं कुणी ते सांगू शकत नाही: कुठला प्रयोग तुमच्या डोक्यातून निघाला, तुम्ही नसता तर काय अडलं असतं. त्यासोबत ग्रँटचं मंजुरीपत्र जोडा. याशिवाय तीन-चार पत्रं अशा लोकांची, ज्यांनी तुमच्यासोबत कधी पेपर लिहिला नाही आणि जे तुम्हाला फक्त कामावरून ओळखतात. तुमची पद्धत वापरणाऱ्या त्या चार-पाच पेपरांचे लेखक हेच पहिले उमेदवार. पाणीपुरवठ्यातला किंवा उद्योगातला एखादा मिळाला तर पंचपक्वान्नांतलं तूप. मसुदा अर्जदारानेच लिहून द्यायचा हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाचही पत्रांत तेच विशेषण, तोच परिच्छेदांचा क्रम असला की सहीचं मोल जातं. पूर्ण मसुदा देण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळे तीन मुद्दे द्या. ‘अत्यंत हुशार, मेहनती’ ही वाक्यं शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोभतात. इथे हवंय ते ‘तिच्या पद्धतीमुळे आमचा शोषक इतक्या फेऱ्या टिकला’.

तिसरी कसोटी पोस्टडॉकला त्यामानाने सोपी. पर्म कायमच्या, पूर्णवेळ नोकरीसाठी असतं. पोस्टडॉकची जागा तात्पुरती, म्हणून तो रस्ता तुम्हाला आज बंदच आहे. शिवाय काम ग्रँटमागोमाग एका विद्यापीठातून दुसरीकडे जाणार, एका मालकाच्या जाहिरातीत ते मावत नाही. हे आणि पाण्याच्या प्रश्नाची निकड, एवढं दीड पानात बसतं. ताणू नका.

आता जे-१ आणि दिवाळी. जे-१ हा ‘परत जाणार’ या हेतूवर दिलेला व्हिसा. आय-१४० टाकलात की कायम राहण्याचा हेतू कागदावर आला. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर विचारतात की तुमच्यासाठी कधी इमिग्रंट पिटिशन दाखल झालं आहे का. स्वतः स्वतःसाठी टाकलेलंही त्यात येतं, आणि तिथे ‘नाही’ लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. तेव्हा अर्ज टाकून मग भारतात नव्या जे-१ शिक्क्यासाठी जाणं हा विकतचा त्रास. दिवाळीला जायचं नक्की असेल तर जाऊन या, मग टाका. ओमानच्या रांगेत दोन-तीन महिन्यांनी फारसं बिघडत नाही. याहून बरं म्हणजे विद्यापीठाकडून एच-१बी हा नोकरीचा व्हिसा करून घ्या: विद्यापीठांना लॉटरी नाही आणि एच-१बीला ग्रीन कार्डचा हेतू चालतो. फक्त स्टेटस बदलाचा अर्ज चालू असताना अमेरिका सोडू नका. बदल सोडून दिला असं धरतात, आणि मग सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर लावलेल्या एक लाख डॉलरचा प्रश्न उभा राहतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा, नाहीतर बाकीचं सगळं मुसळ केरात. जे-१ च्या काही लोकांवर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते, कलम २१२(ई). ती असेल तर आय-१४० मंजूर होऊ शकतो, पण अट फिटेपर्यंत किंवा माफ होईपर्यंत ना एच-१बी, ना ग्रीन कार्ड. तुमच्या डीएस-२०१९ या जे-१ च्या कागदावर आणि व्हिसाच्या शिक्क्यावर काय लिहिलंय ते बघा. ९ डिसेंबर २०२४ च्या नव्या स्किल्स लिस्टमधून, म्हणजे कुठल्या देशाच्या कुठल्या कौशल्यांना ही अट लागते त्या यादीतून, भारताचं नाव निघालं, आणि ते आधी आलेल्यांनाही लागू आहे. त्यामुळे निव्वळ त्या यादीमुळे अडकलेले सुटले. जुन्या शिक्क्यावर अट छापलेली दिसली तरी म्हणूनच घाबरू नका. पण फुलब्राइटसारख्या सरकारी पैशावर आला असाल तर अट कायम आहे. शंका असेल तर परराष्ट्र खात्याकडून लेखी अभिप्राय मागवता येतो. वकिलाचे पैसे खर्चच करायचे असतील तर या एका प्रश्नासाठी तासाभराचा सल्ला घ्या. बाकीचा अर्ज तुमच्यासारखं पेपर लिहिणारं माणूस स्वतः करू शकतं.

नावाचं. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो. अमेरिकी अधिकाऱ्याला या दोन वेगळ्याच बाया वाटतात. एक पानाचा तक्ता करा: कुठल्या कागदावर कुठलं नाव, कुठल्या साली. सोबत लग्नाचं प्रमाणपत्र आणि राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर ती नोंद. पेपरांच्या यादीत तुमचं नाव दोन्ही रूपांत ठळक करा. आणि गूगल स्कॉलरची प्रोफाइल जरा साफ करा: ‘एस. पाटील’ नावाने तिथे दुसऱ्याच्या शेतीशास्त्राचे पेपर आपोआप येऊन बसलेले असतात. ते न काढता पानाची प्रत जोडली, तर दुसऱ्याची सायटेशन आपली म्हणून दाखवल्याचा ठपका येऊ शकतो. पदवीसाठी पदवीदान समारंभातलं मूळ प्रमाणपत्र वापरा, प्रोव्हिजनल नको. मुंबईच्या पीएचडीचं अमेरिकी समकक्ष मूल्यांकनही लागेल.

पैसे आणि फॉर्म. आय-१४० ची फी ७१५ डॉलर, त्यावर स्वतः अर्ज करणाऱ्यांना असायलम प्रोग्राम फी ३०० डॉलर. या दोन्ही वेगवेगळ्या भरायच्या, एकत्र १,०१५ नाही. ऑक्टोबर २०२५ अखेरपासून कागदी चेक घेणं बंद झालंय, त्यामुळे कार्डासाठी जी-१४५० फॉर्म, प्रत्येक फीला एक. सोबत ईटीए-९०८९ चं परिशिष्ट ए आणि फायनल डिटर्मिनेशनचं पान, सही करून; नोकरीची अट माफ मागतोय म्हणून श्रम खात्याचा फॉर्म लागत नाही असं समजून हे राहतं. आय-१४० वर एनआयडब्ल्यूची चौकट वेगळी आहे, साध्या ईबी-२ च्या चौकटीत खूण करू नका. सही पेनाने, स्कॅन चालेल, टाइप केलेलं नाव चालत नाही. फॉर्मची आवृत्ती जुनी असेल, फी चुकली असेल तर पाकीट जसंच्या तसं परत येतं, आणि तुमचा प्रायॉरिटी डेट म्हणजे अर्ज त्यांनी स्वीकारला ती तारीख, तीही जाते.

ती तारीख प्रीमियमने, म्हणजे जादा फी भरून लवकर उत्तर मागितल्याने, पुढे-मागे होत नाही. साध्या मार्गाने उत्तराला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. जवळपास तीन हजार डॉलर जास्त भरले तर ४५ कामकाजाच्या दिवसांत. मंजुरीच असं नाही, फक्त उत्तर. तुम्ही आधी साधा अर्ज टाका. ‘इतर सर्व देश’ची तारीख तुमच्या जवळ आली की प्रीमियम मागून जोडता येतं. एकदा मंजूर झाला की ही तारीख पुढच्या ईबी-१ या वरच्या गटातल्या अर्जालाही वापरता येते, म्हणून ओमानचा रस्ता काही कारणाने बंद झाला तरी ती वाया जात नाही.

जादा पुरावा मागणारं पत्र, आरएफई, आलं तर हातपाय गाळू नका. त्यासाठी जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, मुदत पत्रावरच छापलेली असते, आणि उत्तर एकदाच देता येतं. अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात असं चालत नाही. जेवढं आलं त्यावर निकाल लागतो. त्यात अर्ज टाकल्यानंतर आलेले पेपर आणि सायटेशन भरून उपयोग नाही, कारण पात्रता अर्जाच्या दिवशी असावी लागते. आधीच्या कामाचा नंतर निघालेला पुरावा मात्र ऐकून घेतात. आणि पहिल्यांदा लिहिलेलं प्रपोज्ड एन्डेव्हर तिथे बदलू नका, उलगडून सांगा. मूळ मुद्दाच बदललात तर तो बदल धरत नाहीत, त्यासाठी नवा अर्ज लागतो. नकार आला तरी पुन्हा टाकायला बंदी नाही, फक्त फी आणि तारीख नवी.

एक काम आजच सुरू करा, कारण ते सगळ्यांत रखडतं. सावंतवाडीला फोन करून नवऱ्याचा मस्कतचा जन्मदाखला काढायला सांगा. हॉस्पिटलची चिठ्ठी नको, ओमान सरकारच्या नोंदीचा दाखला. तो अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन लागेल. तुमच्या मराठी दाखल्यालाही तेच. तुमच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे का तेही पाहून ठेवा. नगरपालिकेत नाव चढवून घ्यायला आईला जावं लागलं, तर दिवाळीत तुम्हीच तिथे असाल.